न कापलेली सोळा पानं

२० ऑगस्ट, गुरुवार
शाळेची नोटीस आली. यंदा सातवीपासून 'वाढत्या वयाचे शिक्षण'. म्हणजे काय, ते न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नाही. माझी लेक चिमणी सातवीत आहे. बारा वर्षांची. अजून अंधारात जिना चढायला घाबरते.
माझं मत पक्कं. दहावीनंतर. आधी अजिबात नाही. वेळ आली की आपण सांगूच. मला तरी कोणी सांगितलं होतं? मला जे काही कळलं ते वडिलांच्या, आता माझ्या, बाइंडिंगखान्यात, आरोग्याच्या एका पुस्तकाच्या तिसऱ्या फर्म्यातून, म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून दुमडलेल्या गठ्ठ्यातून. सोळा पानं. दुसरा आणि चौथा फर्मा दुसऱ्या बाइंडरकडे गेला होता. तेवढ्या सोळा पानांवर संसार केला. काही अडलं नाही.
संकल्प: पालकांच्या सह्या गोळा करायच्या. किमान शंभर.

२१ ऑगस्ट
सह्या: चार. त्यातल्या एका गृहस्थांना वाटलं, पाण्याच्या टाकीबद्दल आहे.
हिची सही मागितली. म्हणाली, पोळ्या लाटतेय, हात पिठाचे आहेत. नंतर हात धुतल्यावर विचारलं तर म्हणाली, आता हात ओले आहेत.
माझ्या घरात या शिक्षणाची गरजच नाही, हे लिहून ठेवतो. चिमणी मला सगळं सांगते. काल कंपास हरवल्याची हकिकत पाऊण तास सांगितली. असे बाप-लेक किती घरांत असतील?

२४ ऑगस्ट, सोमवार
देव आहे. शाळेच्या या नव्या विषयाच्या पुस्तिकेच्या बाइंडिंगचं काम माझ्याकडेच आलं! दोनशे चाळीस प्रती, अठ्ठेचाळीस पानं, तीन फर्मे. मुख्याध्यापिका बाई फोनवर म्हणाल्या, तुम्ही पालक आहात, काम मनापासून कराल. करणारच.
पहिला फर्मा निरुपद्रवी. दात घासा, झोप पुरेशी घ्या. तिसऱ्यात स्वाध्याय. काय आहे ते सगळं मधल्या फर्म्यात. तो बघायचा नाही असं ठरवलं.

सायं. ५
बघितला. पण न दुमडलेल्या फर्म्यात अर्धी पानं उलटी असतात. त्यामुळे काय बघितलं ते खात्रीनं सांगता येत नाही.

२६ ऑगस्ट
युक्ती सुचली. इतकी साधी की हसू आलं. शिलाईच्या वेळी मधला फर्मा पाच मिलिमीटर खाली सरकवायचा. मग कटिंगची सुरी त्याच्या वरच्या घडीपर्यंत पोचतच नाही. पानं वरून जोडलेली राहतात. पुस्तिका पूर्ण, एक पान कमी नाही, कोणाला बोलायला जागा नाही. फक्त मधली सोळा पानं उघडत नाहीत. बाजूनं डोकावलं तर बोगदा दिसेल, बाकी काही नाही.
कटिंग मशीनवरचे काका वडिलांच्या वेळेपासूनचे. त्यांना सांगितलं. त्यांनी सुरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, मालक, हे बरं दिसत नाही. मी म्हटलं, बरं दिसण्यासाठी करतच नाही आहे. घड्या घालणाऱ्या मावशी काहीतरी बोलणार होत्या, पण काकांनी मान हलवली आणि त्या पुन्हा घड्या घालायला लागल्या. जुनी माणसं. त्यांना पटायला वेळ लागतो.

३१ ऑगस्ट
माल पोचवला. पोच मिळाली. छान बाइंडिंग, असा शिपायाचा शेरा.
आता दुसरी आघाडी. चिमणीच्या पोटात दुखतं. दप्तराच्या ओझ्यानं, दुसरं काय! मी डोळे उघडे ठेवून असतो म्हणून लक्षात आलं. माझ्या नोंदी: १२ जून, १० जुलै, ७ ऑगस्ट. तिन्ही शुक्रवार! शुक्रवारी भूगोल असतो, म्हणजे नकाशांचं ते जाडजूड पुस्तक. मधल्या तीन-तीन शुक्रवारी पोरगी बिचारी सहन करत असणार आणि चौथ्याला असह्य होत असणार. गरम पाण्याची पिशवी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहते. विचारलं तर म्हणते, काही नाही बाबा. सोशिक आहे. माझ्यावर गेली.
हिला सांगितलं, पुढचं दुखणं ४ सप्टेंबरला येणार. ही माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, तुम्ही तारखा लिहून ठेवता? म्हटलं, बाप आहे. त्यावर ती, मग अजून काही सुचत नाही का तुम्हाला? म्हटलं, सुचतंय ना. शनिवारी पालकसभा आहे, तिथे बोलणार.

४ सप्टेंबर, शुक्रवार
आलं! सकाळी साडेसातला! मी सांगितलं होतं, शुक्रवार, चार तारीख. आनंद होऊ नये, पण झाला.

५ सप्टेंबर, शनिवार, दुपार
सभा जिंकली.
आधी सह्यांचा कागद दिला (एकूण नऊ. दर्जा महत्त्वाचा). मग म्हटलं, मुलांना नको ते शिकवण्यापेक्षा त्यांचे खरे प्रश्न बघा. माझी मुलगी, सातवी ब. आणि चारही तारखा वाचून दाखवल्या. खणखणीत. बरोबर अठ्ठावीस दिवसांचं अंतर, हेही सांगितलं. शाळेनं या अठ्ठावीस दिवसांचा छडा लावलाच पाहिजे, असं टेबलावर हात आपटून म्हटलं.
एका बाईंनी पदर तोंडाला लावला, बहुधा गहिवरल्या. एक गृहस्थ खिडकीबाहेर बघत होते. मुख्याध्यापिका बाई हळूच म्हणाल्या, बसा. फार मायेनं म्हणाल्या. ही माझ्या शेजारच्या खुर्चीत होती, मी बसलो तेव्हा नव्हती.

सायं. ६
हिनं सांगितलं. दोन वाक्यांत. स्वयंपाकघराचं दार लावून.

६ सप्टेंबर
जेवलो नाही. कोणी आग्रह केला नाही.
तीन महिने! तीन महिने माझ्याच घरात माझ्यापासून लपवून ठेवलं. हिला माहीत. हिच्या बहिणीला माहीत, ती तर दुसऱ्या गावात राहते. कपाटात वरच्या फळीवर ठेवलेली पाकिटं मी कापसाची समजत होतो आणि हिच्या काटकसरीचं कौतुक करत होतो. केसानं गळा कापला यांनी माझा.
हिला विचारलं, मला का नाही सांगितलं. म्हणाली, जूनमध्ये दोनदा सुरुवात केली. पहिल्यांदा तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवलात. दुसऱ्यांदा चपला घालून खाली गेलात आणि लाइटचा बल्ब घेऊन आलात. बल्ब आणल्याचं मला आठवतं. गरज होती.

७ सप्टेंबर
चिमणी बोलत नाही. मी शाळेत सोडायला निघालो तर म्हणाली, मी जाईन. वर्गातल्या तिघींच्या आया सभेत होत्या. तारखा आता सगळ्या वर्गाला पाठ आहेत.
कारखान्यात मन रमवू म्हटलं. काकांना सहज विचारलं, तुम्हाला काही माहीत होतं का? काका मशीन पुसत राहिले. मावशींनी सांगितलं. १२ जूनला शाळा लवकर सुटली म्हणून चिमणी इथेच आली होती. इथेच झालं. मावशींनी तिला आत नेलं, धीर दिला, हिला फोन केला. काकांनी स्टूल धुतलं. मी पलीकडच्या खोलीत फर्मे मोजत होतो.
त्या दिवसाची माझी नोंद काढून बघितली. 'स्टुलावर कोणीतरी लाल शाई सांडली. सगळ्यांना झापलं. शिस्त हवी.' चिमणी तेव्हा तिथेच उभी होती. मान खाली घालून.
माझ्याच कारखान्यात, माझ्याच पगारावरची माणसं. कोणावर विश्वास ठेवायचा? (स्टुलाबद्दल काकांचे आभार मानायचे राहिले. उद्या.)

९ सप्टेंबर
मुख्याध्यापिका बाईंनी बोलावलं. पुस्तिका टेबलावर. म्हटलं, आता बंद पानांबद्दल बोलणार. चूक कबूल करायची नाही, सुरीला धार नव्हती म्हणायचं, असं जिन्यातच ठरवलं होतं.
बाईंनी तक्रार केलीच नाही. म्हणाल्या, सगळ्या प्रती दोन दिवसांच्या मधल्या सुट्ट्यांत उघडून झाल्या. सातवीच्याच नव्हे, आठवीच्यासुद्धा. कडा तर सुरीनं कापल्यासारख्या. तुमच्या मुलीनं केलं. हाडाची एक पट्टी आणली होती. मुली रांग लावून उभ्या होत्या, आणि मुलगेही.
घड्या घालायची ती पट्टी माझ्या वडिलांची, कारखान्यातल्या खणात असते. चिमणी पहिलीत होती तेव्हा मीच तिचा हात धरून शिकवलं होतं. पट्टी आडवी धर, घडीच्या पोटातून ने, घाई करू नकोस, फाटेल. माझीच पट्टी, माझीच लेक.
निघताना बाई म्हणाल्या, सोळा पानं बंद होती म्हणून यंदा प्रत्येक मुलानं ती वाचली. एरवी कोणी उघडूनही बघत नाही.

१० सप्टेंबर
काकांचे आभार आज मानले. ते म्हणाले, कसलं स्टूल, आणि मशीन सुरू केलं.

१२ सप्टेंबर, शनिवार
घरात कोणी नाही. चिमणीची पुस्तिका टेबलावर. उघडायची नाही असं ठरवलं. उघडली. तिसरा फर्मा, स्वाध्याय. 'या विषयावर तुम्ही कोणाशी बोलू शकता?' खाली तिच्या गोल अक्षरांत: आई. मावशी. कारखान्यातल्या मावशी. थोडंसं कटिंगवाल्या काकांशीपण.
त्याखाली: 'बाबा', आणि पुढे, 'एवढ्यात नको. वेळ आली की सांगू.'
तीनदा वाचलं. अक्षर कुठेही खोडलेलं नव्हतं.

सायं. ५
कारखान्यात गेलो. जादा बांधून उरलेल्या प्रतींतली एक घेतली. मधली पानं बंद. खणात पट्टी नव्हती, ती अर्थात चिमणीच्या दप्तरात. घरी येऊन मागावी लागली. सभेनंतर मी तिच्याशी बोललेलं हे पहिलंच वाक्य. तिनं विचारलं, कशाला? म्हटलं, काम आहे. तिनं माझ्या काखेतली पुस्तिका बघितली. पट्टी काढून दिली. हसली नाही.
दारापर्यंत गेली, वळली, आणि म्हणाली, घडीच्या पोटातून न्या बाबा, घाई केलीत तर फाटेल.