तोबा म्हणजे माघारी

शिनोली, ता. आंबेगाव
दिवाळीनंतरचा गुरुवार, १९९८

बेल्ह्याचे थोरले मेहुणे भरतभाऊ यांस शिनोलीच्या सावळारामाचा वाकून नमस्कार. आपली कंबर आता वाकू देते असं कळलं, बरं वाटलं. इकडे सगळं ठीक आहे (शीला तिकडे आहे, एवढं सोडून).

भाऊ, चूक माझीच. शीलानं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली चांदी गाय मी तिला न विचारता विकली, आणि तीही बेल्ह्याच्या बाजारात, तिच्याच माहेरात! मी घरी पोचायच्या आत शेजारच्या फोनवर बातमी हजर (फोन कुणी केला, ते मी विचारत नाही). टीव्हीतल्यासारखे दोन्ही कान धरून मी "तोबा तोबा" म्हणालो. वाटलं, हसेल. तिनं पिशवी भरली आणि एसटी गाठली.

मग जुन्नरला अन्सारकडे गेलो. गाय त्याच्याच टेम्पोतून नेली होती. म्हटलं, तुमच्यातला एवढा मोठा शब्द, मला कसा लागू पडला नाही? तो हसला नाही. म्हणाला, "राव, कान धरून तोबा व्हत न्हाई. अरबीत तोबा म्हंजी माघारी फिरनं. वाट चुकली तिथवर माघारी जायचं. तू कुठं चुकला?" मी म्हटलं, बाजारात. म्हणाला, "मग बस टेम्पोत." (म्हणजे तोबा गर्दी ही माघारी फिरायला लावणारी गर्दी असणार. हे माझं संशोधन, अन्सारला मान्य नाही.) पण खरं सांगतो, तो शब्द मला पटला. इतकी वर्षं नुसता तोंडात होता, तो पायानं करायचा असतो हे ठाऊक नव्हतं.

बाजारात चौकशी केली, गाय ओतूरला गेल्याचं कळलं, तसे तिथं गेलो. घेणाऱ्या म्हाताऱ्यापुढे सगळं कबूल केलं. त्यानं कारभारणीला हाक मारून तेच पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं (अन्सार मागे उभा राहून मान डोलावत होता). शेवटी म्हाताऱ्यानं पैसे परत घेतले आणि कारभारणीनंच दावं सोडून माझ्या हातात दिलं.

चांदी कालपासून आपल्या जागी आहे. शीलाला एवढं सांगावं.

आपला,
सावळाराम

ता. क. चांदी मला धार काढू देत नाही, लाथ मारते. मुक्या जनावराचे हाल होतात. निदान त्यासाठी तरी शीलाला पाठवावं.

ता. क. दुसरा: वरचं खोटं आहे. चांदी मुकाट धार देते. करमत नाही ते मला. आणि चुकला त्यानं जायचं असतं, तेव्हा तिला पाठवू नका, मीच येतो. तिनं दार उघडावं, एवढं तुम्ही बघा.