भिंतीआडचा काका

४ मार्च
आज सकाळी भिंतीआड बसून खोटं खोटं ओरडलो. मानसशास्त्र विभागात इतकी वर्षं शिपाई आहे, पण असलं काम पहिल्यांदाच. पलीकडे बोलावलेला माणूस प्रश्न विचारतो, मी मुद्दाम चुकतो, मग त्याने बटण दाबून मला विजेचा झटका द्यायचा. वीज नसतेच, त्याला ते ठाऊक नाही. तो थबकला की प्रयोग घेणारे सर शांतपणे म्हणतात, "पुढे चालू ठेवा." माणूस आज्ञा कुठवर पाळतो, ते बघायचंय.
आजचा बँकेतला कारकून. दरवेळी "माफ करा हं काका" म्हणायचा — आणि दाबायचा. शेवटपर्यंत.

५ मार्च
लेकीला परगावी नर्सिंगला प्रवेश मिळालाय. थोरल्या दादांचा फोन — "कशाला तिकडे? माझ्या दुकानात बसेल. नाही म्हणून कळव." मी "बरं" म्हटलं. वडील गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं. त्यांच्यापुढे दुसरा शब्द सुचत नाही.
ही म्हणाली, "बसा मूग गिळून!" लेकीने प्रवेशाचं पत्र घडी करून कपाटात ठेवलं.

७ मार्च
लेकीच्या विचारात ओरडायचंच विसरलो. वाटलं, प्रयोग फसला. पण बटणाचा खटका वाजतच राहिला. आत कुणी गप्प पडलंय, तरी!
पलीकडे एक प्रेमळ आजोबा होते. खरं सांगितल्यावर माझा हात सोडेनात. "सर म्हणाले, म्हणून…"
राग आला नाही. गावच्या शाळेत गुरुजी 'ऊठ' म्हणाले की आम्हीही उठायचो. देवा, एका शांत आवाजात केवढी ही ताकद!

९ मार्च
आज कपडे शिवणाऱ्या एक बाई. मी दुसऱ्यांदा ओरडलो आणि त्या थांबल्या.
"पुढे चालू ठेवा."
"नाही हो."
"ठेवावंच लागेल."
"तुमचं बरोबर असेल साहेब. पण आत माणूस आहे. आधी त्याला पाणी द्या."
मग खुर्ची सरकल्याचा आवाज. बस्स. बाई रागावल्या नाहीत, भांडल्या नाहीत. अंगावर काटा आला. माझे हात आपोआप जोडले गेले. मला वाटायचं, नाही म्हणायला छाती लागते, मोठा आवाज लागतो.

१० मार्च
कॉलेजला नकार अजून कळवलेला नाही. देवाला नमस्कार केला, पण छाती दे, आवाज दे, असं काही मागितलं नाही.

११ मार्च
सकाळी दादांच्या दुकानात गेलो. "पोर नर्सिंगलाच जाईल, दादा." त्यांनी वर पाहिलं. "मी काय सांगितलं होतं?" म्हटलं, "ऐकलं होतं. तरी जाईल." त्यांनी तोंड फिरवलं.
दुपारी लेकीला तिच्या कॉलेजच्या गावी जाणाऱ्या गाडीत बसवून आलो.