माझ्या नंबरावर येणारे लोकांचे ओटीपी

सेनगाव, रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

मार्चपासून या वहीत एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल क्षमा असावी. कोणाची, ते सांगता येत नाही. ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही. आजचे पान मात्र इतरांनी वाचायचे आहे. मृत्युपत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही, दोन साक्षीदार लागतात, असे तहसीलमधून निवृत्त झालेले बंडोपंत देशपांडे म्हणाले. म्हणून इथेच लिहितो.

मी, प्रज्ञेश अमृतराव खिल्लारे, वय ४६, शिक्षण बी.ए., धंदा लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देणे, राहणार सेनगाव, जि. हिंगोली, हे मृत्युपत्र कोणी सांगितले म्हणून नव्हे तर माझ्या मर्जीने लिहीत आहे. प्रकृती ठीक आहे. बुद्धी शाबूत असल्याचा निर्वाळा ज्याचा त्यानेच द्यायचा हे मला विचित्र वाटते, पण तशी पद्धत आहे, म्हणून देतो.

कारण असे की ऑगस्टमध्ये शेजारच्या गावात असेच केंद्र चालवणारे गृहस्थ मोटारसायकलवरून पडून वारले. घरच्यांनी दुकान आवरले, रद्दी विकली. महिन्याभराने मला बसस्टँडवर भजी मिळाली ती त्यांच्या रजिस्टरच्या पानावर. तेलाच्या डागाखाली एका बाईचे नाव, आधार क्रमांक आणि पासवर्ड स्वच्छ वाचता येत होता. भजी खाल्ली. पान घरी आणून जाळले.

१. राहते घर, दोन खोल्या व पत्र्याचे स्वयंपाकघर, पत्नी दीक्षा हिला द्यावे. बँकेत जे असेल तेही तिलाच. तिच्या मोबाइलचे कुलूप मला उघडता येत नाही आणि मी कधी विचारले नाही. एवढी एक गोष्ट मी बरोबर केली असे वाटते.

२. दुकान, प्रिंटर आणि अंगठा घ्यायचे यंत्र धाकटा भाऊ हरीश याला. लॅपटॉपही त्यालाच, पण आधी तो पूर्ण कोरा करून घ्यावा. फायली नुसत्या डिलीट केल्याने जात नाहीत. व्हॉट्सअॅपवर लोकांनी पाठवलेले आधार कार्डांचे आणि पासबुकांचे फोटोही काढून टाकावेत. ते त्यांनी एका कामासाठी पाठवले होते, ठेवायला नव्हे.

३. दुकानातली माझी चाकाची खुर्ची गुलाबसिंग राठोड या शेजारी जीपवाल्यास द्यायची होती. पण साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणे, आणि साक्षीदार तोच आहे. त्याने ती मी जिवंत असतानाच न्यावी.

४. रजिस्टर. यात चारशे बारा माणसे आहेत. पासवर्ड मीच ठरवत असे, सगळ्यांचा एकाच पद्धतीने: नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मसाल. लक्षात राहावे म्हणून. ज्याला एक कळला त्याला सगळे कळले, हे माझ्या ध्यानात यायला नऊ वर्षे लागली. प्रत्येकाला बोलावून पासवर्ड त्याच्या हाताने बदलून घ्यावा आणि पान त्याचे त्याला द्यावे. जो आला नाही त्याचे पान जाळावे. हे काम मी सुरू केले आहे. राहील तेवढे दीक्षाने पुरे करावे.

हरीशला रजिस्टर देऊ नये. तो वाईट नाही. तो म्हणतो, "दादा, दुकान म्हंजे ह्ये रजिस्टरच हाय. लोक काय प्रिंटर बघाया येऊन राहिलेत? पासवर्ड इसरतेत म्हणून येतेत." तो म्हणतो ते खरे आहे, म्हणूनच देऊ नये.

५. मोबाइल नंबर. घरोघरी मोबाइल नव्हते तेव्हा मी फॉर्मवर माझाच नंबर टाकत असे. अजून एकसष्ट जणांचे ओटीपी माझ्या फोनवर येतात. मी गेल्यावर सिम बंद करून भागणार नाही. बंद नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्या कोणाला तरी देते आणि मग ते ओटीपी त्या परक्याकडे जातात. म्हणून सगळ्यांचे नंबर बदलेपर्यंत सिम दीक्षाने स्वतःजवळ ठेवावे व रिचार्ज चालू ठेवावा.

६. या एकसष्टांत गावातल्या मीराबाईंची मुलगी राणी आहे. तिच्याबद्दल वेगळे लिहिणे भाग आहे.

२०२१ मध्ये ती ठरवलेले लग्न मोडून नर्सिंग शिकायला निघून गेली. कुठे, ते घरी माहीत नव्हते. शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर तिच्या खोलीचा पत्ता होता आणि फॉर्म मी भरला होता. एके दिवशी तिचा भाऊ विकास आला. अदबीने बसला. बहिणीच्या फॉर्मवर पत्ता बराबर आहे का तेवढे बघा, म्हणाला. मी रजिस्टर काढून फॉर्म उघडला. त्याने प्रिंट मागितली, ती देता येणार नाही असे सांगितले. मग मला फोन आला म्हणून बाहेर गेलो. चार मिनिटे. परत आलो तेव्हा विकास गेला होता, चहा अर्धा होता, स्क्रीन उघडीच होती.

आठ दिवसांनी घरचे लोक तिला घेऊन आले. वर्षभराने ती पुन्हा गेली. तेवढे एक वर्ष तिचे गेले. दुसऱ्यांदा निघण्याआधी तिने फोनवर विचारले होते, "सर, पत्ता तुमच्याशिवाय कुणाकडं न्हवता. कुणी दिला?"

मी म्हणालो, "मी दिला नाही."

वाक्य शब्दशः खरे आहे. फोन त्याच वेळी बाहेर जाऊन घ्यायलाच हवा होता का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारले. विकास चांगल्या घरचा वाटला, चारचौघांत त्याला नाही म्हणणे जड गेले, आणि मी गेलो तेव्हा स्क्रीन उघडी आहे हे मला माहीत होते. उत्तर एवढेच आहे.

राणी आता कुठे नोकरी करते ते मला माहीत नाही. वर्षातून दोनतीनदा तिचा फोन येतो. "सर, आला का?" मी आकडे सांगतो. ती "बरं" म्हणते. नंबर बदलायला दोन मिनिटे लागतात, पण ते मी कधी सुचवले नाही. सुचवले तर आजवर का नाही सुचवले, असे ती विचारेल, आणि तिथून बोलणे त्या चार मिनिटांवर येईल, अशी भीती. नंबर बदलल्यावर तिचा फोन येणार नाही, हेही कारण असू शकेल. खात्री नाही.

हे कलम मी मेल्यावर तिला वाचून दाखवावे, असे आधी लिहिले होते. ते खोडले आहे. तिने विचारले होते मला, आणि मी तर अजून आहे.

७. माझ्या चौदा वह्या दीक्षाने वाचाव्यात किंवा न वाचता जाळाव्यात. तिने ठरवावे.

साक्षीदारांच्या समोर सही केली. गुलाबसिंगने आधी विचारले, "भाऊ, माझं बी हाय का त्या रजिस्टरात?" पान दाखवले. आईचे नाव, जन्मतारीख, बँक, पासवर्ड. तो म्हणाला, "इतकं तर माझ्या बायकोला बी ठाव न्हाई." पान फाडून त्याने खिशात घातले, मग सही केली. बंडोपंतांनी आपले पान मागितले नाही. ते फॉर्म स्वतः भरतात.

लिहून देणार: प्रज्ञेश अमृतराव खिल्लारे (सही)
साक्षीदार: १. बंडोपंत देशपांडे (सही) २. गुलाबसिंग राठोड (सही)
स्थळ: सेनगाव. दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५.

उद्या: राणीला आपण होऊन फोन करणे. आधी सांगणे, मग नंबर बदलणे.