टाकीवरचं नाव

३ नोव्हेंबर १९५६
कारखान्याच्या शेठनी आज दोन पत्रे पुढ्यात टाकले. दोन्ही लोखंडाचे, वर जस्ताचा थर. एक वितळलेल्या जस्तात बुडवलेला, वर गोठलेल्या जस्ताची मोठी फुलं, थर जाड. दुसरा विजेवर चढवलेला, गुळगुळीत, थर पातळ. निघोज्याच्या पिण्याच्या पाण्याच्या टाक्या करायच्यात. निघोजे म्हणजे सुशीलेचं माहेर! शेठ म्हणाले, "शंकरराव, पत्रा तुम्ही ठरवा. लेखी द्या." छाती फुगली. इतक्या वर्षांत माझं मत कुणी कागदावर मागितलं नव्हतं.

५ नोव्हें.
घडी घालून पाहिली. फुलाच्या पत्र्याचं जस्त घडीवर कोंड्यासारखं सुटलं. गुळगुळीत जसाच्या तसा. गेनबा, आमचा जुना कारागीर, काळेवाडीचा, म्हणाला, "राव, घडीवर कथलाची झाळ दिली की भागलं. पाण्याला फुलाचाच टिकंल." मी हसलो. टेक्निकल शाळेत शिकलोय ना! गुळगुळीत लिहून दिला. सही ठोकली.

१२ नोव्हें.
वर्षाच्या सरकारी परमिटाचा सगळा पत्रा गुळगुळीत आला. आता वर्षभर दुसरा नाही. गेनबा तोंड फुगवून. त्याला गप्प करायचं म्हणून दोन्ही पत्र्यांच्या पट्ट्या मिठाच्या पाण्यात ठेवल्या, सुशीलेच्या लोणच्याच्या बरणीत. आम्ही रत्नागिरीकडचे, खारं पाणी लोखंडाचं काय करतं ते लहानपणापासून बघतोय.

२० नोव्हें.
बरणी उघडली. फुलाची पट्टी पांढुरकी, बाकी ठीक. माझ्या गुळगुळीत पट्टीवर गंजाचे तांबडे ठिपके.
झाकण लावलं. पुन्हा उघडलं. ठिपके तिथेच.
सुशीला, "अहो, माझी बरणी मोकळी कधी करणार?"

२१ नोव्हें.
शेठकडे गेलो, बरणी घेऊनच. त्यांनी वाकून पाहिलं, शांतपणे म्हणाले, "कागदावर सही कुणाची?" माझी. "मग पत्रा चांगलाच आहे." मग चहा मागवला आणि विचारलं, "खोली ठीक आहे ना? सूनबाईंना कितवा?" सुशीलेला सातवा महिना. खोली त्यांचीच, कारखान्याच्या मागे. एवढंच बोलले. ओरडले असते तर बरं झालं असतं.
अडकलो. आणि दोरी मीच वळून दिली.

२२ नोव्हें.
गेनबाला सांगितलं. मला वाटलं हसेल. नाही हसला. "म्या आतनं रंगाचे दोन हात दीन. पन बघा, रंग काय जन्माला पुरत न्हाई."

२७ नोव्हें.
सासरे खोलीवर आले निघोज्याहून, नवा फेटा. "जावईबापू, गावानं ठरवलंय. आपण भांड्यावर नाव घालतो, तसं पहिल्या टाकीवर तुमचं नाव ठोकून घ्यायचं. पत्रा तुम्हीच निवडला ना?" सांगायची वेळ हीच होती. शब्द ओठांवर आले. शेठ शेजारीच उभे, हसत. सुशीला आत, म्हाताऱ्यासाठी गूळ फोडत होती. मी म्हटलं, "मामा, नाव कशाला..." त्यांना तो विनय वाटला. पाठ थोपटली. स्वतःची इतकी शिसारी कधी आली नव्हती.

२ डिसें.
जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. पहिली टाकी तयार, देखणी दिसते. चारला निघोज्याची बैलगाडी येणार, सासरेच घेऊन येणार. शेठनी खडूनं नाव लिहून द्यायला सांगितलं, दिलं लिहून. शंकर विठोबा. अक्षर चांगलं आलं.
गेनबानं छिन्नी टेकवली आणि थांबला. "राव, ठोकलं की जस्त तुटनार. गंज पयला तुमच्या नावातनंच निघंल. साऱ्या गावाला वाचता यील." मी म्हटलं, जेवून घे आधी.
तो जेवला. डबा धुतला. आता छिन्नी मांडीवर घेऊन दारात बसलाय, ठोकू की नको म्हणून माझ्याकडे बघत. शेठ काचेतून बघतायत. सुट्टी संपायला दहा मिनिटं आहेत.