मधल्या खोलीतला वर्ग

मी, निर्मलाबाई भैयाजी बहेकार, वय चौसष्ट, व्यवसाय पूर्वी भाषाशिक्षिका आणि सध्या पेन्शन खाऊन लोकांच्या घरात डोकावणे, राहणार सालेकसा, तहसील गोंदिया, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाला न भिता लिहून ठेवते. दडपण आणायचा प्रयत्न माझा पुतण्या चि. खुशाल याने केला. त्याचा समाचार पुढे घेतलाच आहे. माझी प्रकृती ठणठणीत असून आज सकाळी चार भाकरी खाल्ल्या आहेत.

कलम १. यजमानांकडून माझ्याकडे आलेली धानाची बांधी खुशालला मिळावी. तो धान पिकवतो, धान विकतो आणि माझ्याशी भांडतो, तिन्ही कामं जीव ओतून. बांधीवर त्याचाच हक्क आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

कलम २. राहतं घर. हे मी माझ्या पगारातून बांधलं. गोंदियाला अध्यापन विद्यालयात होणाऱ्या शिक्षिकांना जन्मभर मराठी आणि हिंदी शिकवली, आणि एकच हेका धरला: मूल घरी जे बोलतं तिथून त्याचा हात धरा, मग पुस्तकाकडे न्या. निवृत्त होऊन इथे आले तेव्हा निम्म्या बाजाराचं बोलणं मला कळेना. मग मोहफुलं विकणाऱ्या बायांजवळ बसून गोंडी शिकले. माझे उच्चार ऐकून त्या अजून पदरात तोंड लपवून हसतात. हसोत बिचाऱ्या, त्यांच्या हसण्यावरच माझं म्हातारपण मजेत चाललंय.

दर रविवारी माझ्या ओसरीवर आरोग्याचा वर्ग भरतो. मराठीत मी बोलते, गोंडीत माझी जुनी विद्यार्थिनी आणि आता इथली शिक्षिका गीताबाई मडावी. पिण्याचं पाणी, बाळंतिणीची खोली, हिवताप, असे आमचे विषय. पण मधल्या खोलीत खुशालने धानाची पोती रचून ठेवली आहेत, आणि परवा गीताबाईसमोरच तो मला म्हणाला, "काकी, तुमच्या मागं हे घर गोदामच होऊन जाईल. बायांचा वर्ग कायले पायजे इतं? सरकारी दवाखाना हाय ना!" गीताबाई घरी जाताना मला विचारून गेली, "बाई, तुमच्यानंतर आम्ही बसायचं कुठे?" मला फार राग आला. तो अजून उतरलेला नाही. म्हणून लिहिते की माझ्या मृत्यूनंतर हे घर वर्गासाठी गीताबाईच्या ताब्यात जावं.

खुशाल, वर्ग कायले पायजे ते ऐक. तीन वर्षांमागे फवारणीवाले आले, पोळ्याच्या आधी. घराघरांत भिंतींवर औषध मारलं आणि हिंदीत बजावून गेले, "दीवार लीपना मत।" बायांना कळलं सगळं. पण पोळ्याला भिंती न सारवता बैलाला ओवाळायचं कसं? पांढऱ्या मातीचा हात फिरला आणि सगळं औषध मातीखाली गेलं. दिवाळीत गावभर गोधड्या थरथरत होत्या, त्यात तूही होतास बाळा, आणि कडू गोळी थुंकत होतास.

फवारणीचे साहेब बायांना अडाणी म्हणून मोकळे झाले. आम्ही वर्गात दोन्ही भाषांत बायांनाच विचारलं, काय करायचं? खूप कल्ला झाला. शेवटी ठरलं की आधी सारवण, मग पोळा, आणि दुसऱ्या दिवशी गावाची रोगराई घेऊन जाणारी मारबतीची बाहुली गावाबाहेर नेली की त्याच दिवशी फवारा. साहेबांना मी गोंदियाला जाऊन गाठलं. ते आधी हसले, मग पुढच्या साली तारीख बदलली. त्या दिवशी मारबतीपुढे पोरं ओरडत होती, "हिवताप घेऊन जा गे मारबत! मच्छर घेऊन जा गे मारबत!" आणि मागून पंप खांद्यावर घेतलेले फवारणीवाले वाजतगाजत गावात शिरत होते. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

कलम ३. त्या मिरवणुकीसाठी लोहाराकडून करून घेतलेला पत्र्याचा मोठा डास वर्गाचा राहील. त्याचा एक पाय मोडलेला आहे, तो जोडून घ्यावा.

कलम ४. माझे सहकारी चुन्नीलाल गुरुजी यांनी विद्यालयात भर सभेत सांगितलं होतं की दोन भाषा शिकवल्या की मुली दोन्हीकडून अर्धवट राहतात. त्यांना माझा शब्दकोश द्यावा. त्यांचे हिंदीतले हिशेब आणि मराठीतल्या शिव्या, दोन्ही उत्तम असतात, हेही कळवावं.

कलम ५. लुगडी वर्गातल्या बायांनी वाटून घ्यावीत. भांडू नये. भांडल्यास गोंडीत भांडावं, म्हणजे गीताबाईला सोडवता येईल.

सहीपूर्वीची दुरुस्ती. वरील मजकूर वकील केशोरावांनी सर्वांसमक्ष मोठ्याने वाचला. कलम २ संपलं. तेव्हा खुशालची बायको नंदाबाई दारातून म्हणाली, "घर गीताले देता ना काकीजी, मंग मरेपर्यंत कायले थांबता? बाया ओसरीत मावून नाई राहिल्या. मी तं मागच्या आयतवारी अंगणात उभीच होती."

खुशालने तिच्याकडे पाहिलं आणि उठून चालता झाला. गीताबाईचा चेहरा उतरला. मलाही वाटलं, रागावून गेला. थोड्या वेळाने दाराशी बैलगाडी लागली, आणि हा सदऱ्याच्या बाह्या सारून मधल्या खोलीत. "बसून काय राहिले सगळे? पोत्याले हात लावा!"

सबब कलम २ मधले "माझ्या मृत्यूनंतर" हे शब्द मी स्वहस्ते खोडून "आजपासून" असे लिहिले आहेत. केशोराव म्हणाले, "बाई, अशानं हे मृत्युपत्र राहत नाही, बक्षीसपत्र करावं लागेल." म्हटलं, उद्या सोमवार आहे, तेही करू.

ही सही शेवटच्या पोत्यावर कागद ठेवून करत आहे. खुशाल ते उचलायला खोळंबला आहे, म्हणून अक्षर घाईचं आहे.

निर्मलाबाई भैयाजी बहेकार

साक्षीदार:
मुन्नालाल, किराणा दुकानदार, सालेकसा (गाडी भरून आल्यावर सही केली)
सुलोचनाबाई शिवणकर, सालेकसा (वर्गातच सही शिकले)

मुक्काम सालेकसा, रविवार, ता. १४ डिसेंबर १९५८