तीनशे एकाहत्तरचे पेढे

जयभीम

बदलापूर (पश्चिम),
११ जून २००६

ती. दादास,
मायाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझी काही खबरबात नाही. कारखान्यात जीन्स कापता कापता बहिणीलाही कापून टाकलंस की काय? आमचा फोन बाहेरच्या खोलीत आणि त्याला लागून मामंजींची खुर्ची, म्हणून हे पत्र. वाचून फाडून टाक. उत्तर आमच्या घरी पाठवू नकोस, समोरच्या अंजनीच्या पत्त्यावर टाक.

दादा, मी फार घाबरले आहे. मामंजींनी माझ्यासाठी मुक्त विद्यापीठाचा बी.ए.चा फॉर्म आणलाय. बुद्धपौर्णिमेला विहारात सगळ्यांसमोर बोलून बसले की आमची सून ग्रॅज्युएट होणार. स्वतः चौथी शिकलेले, अंबरनाथच्या फॅक्टरीत तीस वर्षं काढली, पण शिक्षणाचा विषय निघाला की माणूस वेगळाच होतो. फॉर्मला काय काय लागतं ते त्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं. बारावीची ओरिजिनल मार्कशीट, तिच्या दोन अटेस्टेड झेरॉक्स, शाळा सोडल्याचा दाखला, तीन फोटो. फोटो तर काढून पण आणले. मार्कशीट तेवढी माहेराहून आण म्हणतात. शेवटची तारीख पंधरा जुलै.

कुठून आणू? मला ठाऊक आहे, तुला ठाऊक आहे, बाबांना होतं, ते गेले. नऊ वर्षांपूर्वी तू पेपरात माझा नंबर बघायला गेलास, ३१७ च्या जागी ३७१ बघून आलास आणि अर्ध्या कॅम्पात पेढे वाटलेस. नेमके त्याच दुपारी हे लोक मला बघायला आले. हुंडा नको, मानपान नको, मुलगी बारावी पास पाहिजे, एवढंच मामंजींचं म्हणणं, आणि तू पेढ्यांचा बॉक्स पुढे केलास. आठवड्याने मार्कशीट हातात आली तेव्हा लग्नाची तारीख ठरली होती. इंग्रजीत अठ्ठावीस. ऑक्टोबरला परत बसले असते, पण मग यांना कळलंच असतं. म्हणून तेही राहिलं.

स्वप्नाली शाळेत सांगते, माझी आई बारावी पास आहे. कळलं तर या घरात मी कोणत्या तोंडाने राहू? काहीतरी सुचव.

लोभ आहेच, या खेपेस थोडी अक्कलही पाठव.
तुझी,
माया


जयभीम

उल्हासनगर, कॅम्प नं. ३,
१६ जून २००६

चि. सौ. मायास,
दादाचा जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. फाडायच्या आधी तुझ्या वहिनीने वाचलं, तेव्हापासून ती माझ्याशी फक्त भाजीपुरतं बोलते. असो. लोचा मी केला, निस्तरतो पण मीच.

नीट ऐक. मागच्या वर्षी सव्वीस जुलैला तुमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. फ्रिज गेला, गाद्या गेल्या, पोरीची पुस्तकं गेली. मग मार्कशीट पण गेली म्हणून सांग. लग्नानंतर इकडेच घेऊन आले होते, पुरात वाहून गेली. बदलापुरात पुराची गोष्ट कोणाला खोटी वाटणार नाही. एवढं नुकसान केलं त्या पाण्याने, आपलं एक काम केलं तर काय बिघडलं? बिनधास्त सांग. खरी मार्कशीट आईच्या पेटीत आहे, पेटीला कुलूप आहे, चावी माझ्या गळ्यात आहे.

टेन्शन घेऊ नकोस. चिमणीला पापा. या वेड्या भावावर राग धरू नये, ही विनंती.
तुझा,
मुकेशदादा


जयभीम

बदलापूर,
२२ जून २००६

ती. दादास,
सविनय जयभीम. वि. वि.

सांगितलं. तुझ्या शब्दाला शब्द लावून सांगितलं. मामंजी खुर्चीतून उठले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, पोरी, एवढं दुःख मनात ठेवून वर्षभर आमची चिखलाची भांडी घासत राहिलीस आणि बोलली नाहीस. दादा, त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि पुढचं ऐक. त्यांच्या फॅक्टरीतले जुने दोस्त हिंदुराव, त्यांनी सांगितलं की वाशीच्या बोर्डाच्या ऑफिसात अर्ज दिला की मार्कशीटची डुप्लिकेट मिळते. वर्ष आणि सीट नंबर पाहिजे फक्त. नंबर आठवत नाही म्हटलं तर म्हणाले, मुकेशकडे असेल, रविवारी स्वतः जातो, तू काळजी करू नकोस. यांनाही मी काही बोललेली नाही. नऊ वर्षं एका ताटात जेवतोय आणि बोललेली नाही.

फॉर्मसोबत आलेलं माहितीपुस्तक मी पाठ केलंय म्हण. नवव्या पानावर लिहिलंय की बारावी पास नसलेल्यालाही, अठरा वर्षं पूर्ण असतील तर, पूर्वतयारीची परीक्षा देऊन पुढे बी.ए.ला बसता येतं. म्हणजे रस्ता आहे. पण तो फॉर्म भरायचा तर आधी तोंडाने नापास म्हणावं लागतं, आणि तेच होत नाही माझ्याच्याने.

तू रविवारी वांगणीला निघून जा, वहिनीच्या माहेरी. घराला कुलूप दिसलं की ते परत फिरतील.

जीव टांगणीला लागलाय. माया पातळ करू नकोस.
तुझीच,
माया


जयभीम

उल्हासनगर,
२५ जून २००६

चि. सौ. मायास,
आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. आज सकाळी वांगणीला जायला चपला घातल्या, दार उघडलं, तर दारात तुझे सासरे, रामभाऊ. हातात छत्री, पिशवीत आमच्या पोरांसाठी भाजलेल्या शेंगा. आत या म्हटलं.

पाणी प्यायले, बाबांच्या फोटोला हात जोडले आणि डायरी काढून नंबर विचारला. माया, आईशपथ सांगतो, मुद्दाम नाही केलं. माझ्या तोंडातून ३७१च निघाला. नऊ वर्षं तोच आकडा डोक्यात घर करून बसलाय, खरा नंबर आठवायचा तर मला पेटी उघडावी लागते. त्यांनी लिहून घेतला, मला दोनदा वाचून दाखवला. मी दोनदा हो म्हटलं. फाटलीच होती माझी.

सोमवारी तीन तारखेला ते बोर्डात जाणार आहेत. तिथे कुणा दुसरीचंच नाव निघेल. हा म्हातारा माणूस खिडकीवर उभा राहून क्लार्कशी भांडत बसेल की आमची सून खोटं बोलणाऱ्यातली नाही. ते डोळ्यासमोर आलं आणि मी पेटी उघडली. पुरात मार्कशीट वाहून गेली हे मी सुचवलं, ते माझं चुकलं. पेढे वाटले ते चुकलं. त्या दिवशी बॉक्स पुढे केला ते तर फारच चुकलं.

सोबत ओरिजिनल मार्कशीट ठेवलीय, रजिस्टरने पाठवतोय. ते निघायच्या आधी त्यांच्या हातात दे. मी येऊन सांगायला पाहिजे, पण हिंमत होत नाही. मी भित्रा आहे. तू नाहीस, लहानपणापासून नाहीस.

तुझी वहिनी म्हणते की तुला घराबाहेर काढलं तर आधी इकडे ये, मला बाहेर काढून तुला ठेवून घेईल. लोभ तोडू नये.
तुझा,
दादा


जयभीम

बदलापूर,
९ जुलै २००६

ती. दादास,
सविनय जयभीम. वि. वि.

तुझं रजिस्टर आलं ते चार दिवस तांदळाच्या डब्यात होतं. रोज डबा उघडायचे, तांदूळ काढायचे, डबा बंद करायचे. सोमवारी मामंजी पलंगावर बसून बुटाची लेस बांधत होते. डायरी खिशात, हिंदुराव स्टेशनवर थांबलेले. मी मार्कशीट आणून त्यांच्या मांडीवर ठेवली.

त्यांनी चष्मा लावला. ओळीओळीवर बोट फिरवत गेले आणि इंग्रजीपाशी थांबले. मग डायरी काढून दोन्ही नंबर शेजारी शेजारी धरले. विचारलं, पुरात गेली होती ना? मी म्हटलं, तेही खोटं. विचारलं, आणि ते पेढे? मी पेपराची सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी लेस सोडली, बूट काढून ठेवले आणि स्वप्नालीला हिंदुरावांकडे निरोप घेऊन धाडलं, आज जमत नाही.

हे डबा न घेताच ड्युटीवर गेले. संध्याकाळी एवढंच म्हणाले की मला तरी सांगायचंस. सासूबाई मात्र मामंजींवर उखडल्या, की नऊ वर्षं तुम्हाला वेळेवर जेवायला मार्कशीटने घातलं का सुनेने? मामंजी तीन दिवस अवाक्षर बोलले नाहीत. चहा ठेवला की प्यायचे, कप स्वतः विसळायचे. दादा, त्या कप विसळण्याची मला जेवढी भीती वाटली तेवढी पुराच्या पाण्याचीही वाटली नव्हती. आता घालवून देतात, असंच धरून चालले होते.

गुरुवारी हाक मारली. मला समोर बसवलं आणि म्हणाले, “नापास झालीस त्याचं मला काही नाही. तेव्हाच कळलं असतं तर लग्न झाल्यावर पुढच्याच परीक्षेला बसवली असती. आज तू ग्रॅज्युएट असतीस, पोरी.”

आपण त्यांना फसवतोय असं मी नऊ वर्षं समजत होते, फसवलं होतं ते मी मलाच. मी भिंतीला टेकून खूप रडले.

मग त्यांनीच नववं पान उघडलं. पूर्वतयारीचा फॉर्म आणला होता. शिक्षणाच्या रकान्यात माझ्या हाताने लिहायला लावलं, बारावी नापास. भीतीने अक्षर बारीक आलं, तर म्हणाले, नीट मोठं लिही. शुक्रवारी फॉर्म दिला. विहारात काय सांगायचं ते माझं मी बघतो म्हणाले.

तुझं नाव मात्र ते घरात काढत नाहीत. कोणी काढलं तर उठून जातात. सध्या येऊ नकोस. परीक्षेची भीती वाटतेच, इंग्रजीची तर फार.

वहिनीस जयभीम. दूर असलास तरी आठवण काढत जा.
तुझी,
माया


जयभीम

बदलापूर,
२४ जून २००७

श्री. मुकेश यांस,
रामभाऊचा जयभीम. वि. वि.

कार्डावर जागा थोडी, म्हणून मुद्द्याचे लिहितो. चि. सौ. माया पूर्वतयारीची परीक्षा पास झाली. निकालाचा कागद आधी मी हातात घेतला. नंबर ताडून पाहिला. मग स्वप्नालीला वाचायला लावला, मग समोरच्या अंजनीबाईंना. तिन्ही वेळा एकच आला. त्यानंतर पेढे आणले. बी.ए.चा फॉर्म काल भरला.

वर्षभर तुमच्याशी बोललो नाही. तुम्ही समोर आलात तर तोंडातून काय जाईल याची मलाच भीती वाटत होती. आता वाटत नाही.

मागे आपल्याकडे आम्ही पेढे खाल्ले, ते ३७१ नंबरच्या कोणा मुलीचे होते. तिचे कल्याण होवो. हे आपल्या मुलीचे आहेत. तुमच्या वाटचे दोन झाकून ठेवले आहेत. पावसाळी हवा, फार टिकणार नाहीत, तरी येत्या रविवारी सहकुटुंब यावे.

आमचा घर नंबर १४ आहे. ४१ नव्हे.

आपला,
रामभाऊ