दिवेलागणीच्या दोन घंट्या

सोमवार, ३ नोव्हेंबर
सप्ताहासाठी सामान आलं — तिळाचं तेल १९०, वाती १५, हार ३०. पोरगा श्रीनिधी दिवाळीत वडिलांशी भांडून हैदराबादला गेला, त्याच्यासाठीच उद्यापासून पोथी. घरची रीत तेवढी पाळतो — दिवेलागणीला दोन घंट्यांचा मिसकॉल, म्हणजे सुखरूप. पैसाही लागत नाही. ही पोच आल्याशिवाय मी ताटावर बसत नाही. वाचताना फोन वाजू नये म्हणून लेकीला, उत्तराला, सांगितलं. तिनं लगेच करून दिलं.

मंगळवार
घंट्या नाहीत. दूध घेऊन निजले.

शुक्रवार
आजही नाहीत! हे म्हणाले, आपण होऊन फोन लावायचा नाही.
उत्तराचंही नोकरीतलं काम अडलंय. विचारलं, तर म्हणे एका प्रोग्रामात पुष्कळ धागे एकदम राबतात. त्यांना सांभाळणारी लायब्ररी असते — पुस्तकांची नव्हे! एका धाग्यानं अधिकार बदलला की कर्नल — लष्करातला नव्हे, संगणकाचा मूळ कारभारी — फक्त त्याचाच बदलतो. मग लायब्ररी बाकीच्यांना आतून सिग्नल देते — तुमीपण बदला. त्यासाठी बत्तीस, तेहतीस नंबरचे सिग्नल तिनं स्वतःला राखून ठेवलेत. एकानं धागा थांबवायचा, दुसऱ्यानं हे. सगळ्यांची पोच येईस्तोवर पहिला तसाच थांबून, आणि एकाची येईना.
"माझ्यासारखा उपाशी?" म्हटलं. हसली नाही. पण हे नंबर ठेवतात कुठं? डोकं चालेना.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
काल सप्ताह संपला. घंट्या नाहीतच. देवा, माझं काय चुकलं?
उत्तराची चूक मात्र सापडली. कामात व्यत्यय नको म्हणून तिनंच एका धाग्याचे झाडून सगळे सिग्नल बंद केलेले. लायब्ररीला सांगून केले असते तर तिनं ते दोन बंद होऊच दिले नसते. हिनं तिला डावलून थेट कर्नलला सांगितलं. मला वाटलं, धागा रुसला असेल.
"रुसायलाय कशाचा! त्याच्यापर्यंत पोचायलंच न्हाई. सगळेच बंद करणं सोपं पडतं गं आई."
भाजी चिरता चिरता थांबले. विचारलं, "माझा फोन कसा बंद केलतीस?"
ती उठून माझा फोन उघडून बसली.

बुधवार
तिनं सगळेच कॉल बंद केलेले; फोनात अडवलेले निघाले. रोज दिवेलागणीला श्रीनिधी. रविवारी चारदा. मग काहीच नाही. लावून बघितला — आता त्यानं आमचे सगळ्यांचे नंबर अडवलेत. कार्ड टाकलं —
"बाळा, मी रुसले नव्हते. फोनच बंद होता. तुझी पोच येईस्तोवर ताटावर बसत नाही. उलट टपाली कळव."